सात ओळींचा तक्ता: धारवाडहून टोकियोला

जपानच्या व्हिसासाठी जे कागद द्यावे लागतात त्यांत एक साधा तक्ता असतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, मुक्काम कुठे, तिथला फोन. जितके दिवस तितक्या ओळी. बाकीचे कागद कपाटातून काढून द्यायचे असतात, हा मात्र बसून लिहावा लागतो. धारवाडच्या मालमड्डीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो तक्ता तीन आठवडे होता. रोज रात्री ताटं उचलली की आम्ही तिघं, मी, हे आणि माझी आई, त्याच्याभोवती बसायचो.

पहिला तक्ता आम्ही एका प्रवासी कंपनीच्या पत्रकावरून केला होता. सहा रात्रींत टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा. आईने तो शांतपणे वाचला. तिचं वय शहात्तर. ती म्हणाली, "अगं, हुबळीला जाऊन आलं तरी माझा दिवस जातो. इथे तर रोज बॅग भरायची आहे."

हुबळी आमच्यापासून वीस किलोमीटर. १९६२पासून दोन्ही गावांची महानगरपालिका एक आहे, मधल्या रस्त्याला स्वतंत्र मार्गिकेवरून चिगरी बस धावते, तरी हुबळीला जायचं म्हणजे सकाळी आवरून, डबा घेऊन निघायचं. आईने हे माप पुढे ठेवलं आणि पत्रक बाजूला पडलं. सात दिवस, एक शहर, एक हॉटेल, एकदा उघडलेली बॅग. पुढचं सगळं याच एका ओळीतून ठरत गेलं.

शहर टोकियोच का, याचं कारणही आईच. ती हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली, तिच्यावरून त्यांनी डिसेंबर १९१५मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत भारतातल्या स्त्रियांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६मध्ये ते सुरूही केलं, ही हकीगत तिने विद्यार्थिदशेत ऐकलेली होती. ते मूळचं विद्यापीठ, १९०१मध्ये स्थापन झालेलं, आजही त्याच शहरात चालू आहे हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याचं फाटक तरी बघू." तक्त्यातली पहिली नक्की झालेली ओळ ती.

एकच शहर घेतलं की पैशांचं गणितही सुटतं. जपान म्हटलं की सात दिवसांचा रेल्वे पास काढा, असा सल्ला जो तो देतो. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियोहून क्योतोला बुलेट ट्रेनने जायला एका बाजूचे सुमारे १४,००० येन पडतात. म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. आम्ही हिशेबाला शंभर येनचे साठ रुपये धरले होते. तिघांच्या पासचे नव्वद हजार रुपये वाचले आणि त्यात हॉटेल बरंच बरं मिळालं.

कधी जायचं हा खरा अवघड प्रश्न होता. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, पण तो आठवडाभरच टिकतो आणि त्याच आठवड्यात सगळं जग तिथे उतरतं. एप्रिल संपताना सुरू होणारा गोल्डन वीक टाळायचा, कारण तेव्हा जपानी माणसंच सुट्टीवर निघतात. जून ते जुलैमध्य त्यांचा पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरात उकाडा आणि वादळं. आपल्याकडे कर्नाटकात शाळांना सहामाहीची सुट्टी दसऱ्याला असते, त्यामुळे मुलं बरोबर असणाऱ्यांना ऑक्टोबरच घ्यावा लागतो आणि तोही वाईट नाही. आम्हाला शाळेचं बंधन नव्हतं. आम्ही नोव्हेंबरचा मधला आठवडा घेतला. हवा कोरडी, थंडी आपल्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षा थोडी जास्त, आणि गिंको झाडं हळदीसारखी पिवळी होऊ लागलेली. एक गोष्ट मात्र तक्ता करतानाच ध्यानात धरावी: त्या दिवसांत टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. बऱ्याच बागा त्याच सुमारास बंद होतात. म्हणून बाहेरचं जे बघायचं ते सकाळी आणि बंद छताखालचं संध्याकाळी, अशी आम्ही प्रत्येक ओळीची दोन भागांत वाटणी केली. वस्तुसंग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. सोमवारी सण आला तर मंगळवारी.

कागदपत्रांची धास्ती घेण्याचं कारण नाही. आईचा पासपोर्ट हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात झाला, बेंगळूरला जावं लागलं नाही. व्हिसाचा अर्ज मात्र बेंगळूरला. तिकीट, हॉटेलचं आरक्षण, बँकेचा उतारा, आयकराची विवरणपत्रं आणि तो तक्ता. औषधांकडे आम्ही जास्त लक्ष दिलं. महिनाभर पुरतील इतकी रोजची औषधं नेता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असलेली बरी. पण आपल्याकडे सर्दीवर सहज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची पाकिटं मागून-पुढून वाचून घ्या. स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध पूर्वपरवानगीशिवाय जपानमध्ये नेता येत नाही. विजेचंही बघून ठेवा: तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचं सॉकेट, आपली गोल पिन बसत नाही.

खाण्याचं कसं, हे सगळ्यांनी विचारलं. आम्ही तिघंही शाकाहारी. जपानी जेवणात मांस दिसतं, त्यामुळे ते टाळता येतं. माशाचं पाणी दिसत नाही. दाशी म्हणतात त्याला. सुकवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा अर्क, तो उदोनच्या रश्शात, मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाजीतसुद्धा असतो. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटल्याने वाढणाऱ्याला ते कळत नाही. मांस नको, मासा नको, दाशी नको, अंडं चालत नाही, असं जपानीत लिहिलेलं कार्ड आम्ही छापून नेलं आणि ते दाखवलं की माणसं प्रामाणिकपणे नाही म्हणायची. खोटं हो कुणी म्हटलं नाही. बाकी भिस्त घरच्या शिदोरीवर. धारवाडकडच्या माणसाला याची काळजी नको: कडक भाकरी महिनाभर टिकते. तीस भाकऱ्या, शेंगाचटणी, कारळाची चटणी. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची पानं मात्र नेऊ नयेत, तिथे अडवतात. साधं दही कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतं आणि भाकरीबरोबर ते उत्तम लागतं. तिथेच भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात, ओनिगिरी. त्यातला खारवलेल्या आंबट फळाचा, उमेचा, आईला फार आवडला. तिला लिंबाच्या लोणच्याची आठवण झाली.

धारवाडहून दुपारची वंदे भारत धरली की साडेसहा तासांत बेंगळूर. ही गाडी २०२३च्या जूनमध्ये सुरू झाली आणि आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली. स्टेशनपासून देवनहळ्ळीचा विमानतळ मात्र दूर आहे, तेव्हा त्याच दिवसाचं विमान धरण्याचं धाडस करू नका. आम्ही एक रात्र बेंगळूरला दिराकडे राहिलो. तिथून टोकियोच्या नारिता विमानतळाला थेट विमान आहे, आठ तासांच्या आसपास. घड्याळ साडेतीन तास पुढे न्यायचं. पहिल्या ओळीत मी फक्त "आगमन, विश्रांती" लिहिलं होतं आणि ते अगदी बरोबर ठरलं.

हॉटेल आसाकुसात घेतलं. शहराचा हा पूर्वेकडचा जुना भाग, सुमिदा नदीच्या काठचा. शिंजुकू-शिबुयापेक्षा इथे भाडं कमी, इमारती बुटक्या आणि रात्री शांतता. खोल्या लहान असतात, तिघांची खोली तर विरळा. आम्ही दोन घेतल्या. गल्लीच्या टोकाला मेट्रोचं स्टेशन. टोकियोच्या प्रत्येक मेट्रो स्टेशनला एक अक्षर आणि एक आकडा असतो. आसाकुसा म्हणजे जी-१९, उएनो जी-१६. जपानी वाचता आलं नाही, नावं तोंडात बसली नाहीत, तरी आकडा कमी होतोय की वाढतोय यावरून गाडी कुठल्या दिशेला चालली आहे ते कळतं. आईने पहिल्याच दिवशी हे पकडलं आणि मग डब्यात आकडे मोजण्याचं काम तिच्याकडे गेलं. याच आसाकुसा-उएनो मार्गावर ३० डिसेंबर १९२७ रोजी आशियातली पहिली भुयारी रेल्वे धावली.

आता आमचं हुबळी स्टेशन. त्याचा फलाट १,५०७ मीटरचा, जगातला सगळ्यात लांब. त्यावर चालण्याची आम्हाला सवय आहे म्हणून शिंजुकू स्टेशनाची भीती मी मनावर घेतली नव्हती. शिंजुकूला कोविडआधी रोज ३५ लाखांच्या आसपास माणसं ये-जा करायची आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही चुकीच्या वाटेने वर आलो. जिथे पोचायचं ती इमारत समोर दिसत होती, मध्ये रुळांची आख्खी जुडी. परत खाली, परत वर. चाळीस मिनिटं. त्या रात्री मी तक्त्याच्या प्रत्येक ओळीत स्टेशनाशेजारी बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक लिहिला. सगळ्या तयारीत उपयोगाची एकच गोष्ट सांग म्हणालात तर मी हीच सांगेन: स्टेशनाचं नाव पुरत नाही, दाराचा क्रमांक लागतो. लिफ्ट बहुधा एकाच दाराला असते, आणि गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर त्या दारावर दिवस अवलंबून असतो.

आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ सगळे पाहतात. परंपरेने ते ६२८पासूनचं. मुख्य मंडप १९४५च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९५८मध्ये पुन्हा उभा राहिला. पण तिथून नदीच्या बाजूने दहा मिनिटं चाललं की एक छोटीशी टेकडी लागते, मात्सुचियामा. तिच्यावरचं देऊळ पाहायला फारसं कुणी येत नाही. मराठी माणसाने मात्र ते चुकवू नये, कारण तिथला देव आपला गणपती आहे. शोतेन किंवा कांगितेन म्हणतात त्याला. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो तिथे गेला. मूर्ती गुप्त ठेवतात, कुणाला दाखवत नाहीत. आणि त्याला नैवेद्य असतो पांढऱ्या मुळ्याचा.

पायऱ्यांच्या कडेला दगडात मुळे कोरलेले. एकमेकांना बिलगलेले दोन मुळे, आणि दुसरीकडे तोंड बांधलेली पैशांची थैली. मुळा शरीराच्या आणि घराच्या आरोग्यासाठी, थैली भरभराटीसाठी. देवळातच खिडकीपाशी मुळे विकत मिळतात, हातभर लांब, धुऊन स्वच्छ केलेले, पानांचा तुरा तसाच ठेवलेला. आईने एक घेतला, दोन्ही हातांवर आडवा धरला आणि आत वेदीसमोर ठेवला. भिंतीवर मंत्राचा कागद होता. तिथला एक वृद्ध भक्त तो म्हणत होता, ओन किरिकु ग्याकु उन सोवाका. आई कान देऊन ऐकत राहिली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझा हात धरून म्हणाली, "सोवाका म्हणजे स्वाहा ना गं?" होय, स्वाहाच. ॐ ह्रीः गः हूँ स्वाहा, हे त्याचं मूळ रूप, आणि मधला ग्याकु म्हणजे आपल्या गणपतीच्या बीजाचा गकार. हजारांहून अधिक वर्षं आणि चिनी-जपानी जिभा ओलांडून तो तिथे पोचला आहे. आई मग हात जोडून उभी राहिली आणि तिने तिचं अथर्वशीर्ष मनात म्हटलं. मोदक नाहीत, दूर्वा नाहीत, जास्वंद नाही. पण तिला काही कमी वाटलं नाही.

वाहिलेले मुळे नंतर भक्तांना प्रसाद म्हणून देतात. आम्हालाही एक मिळाला. हॉटेलवर आल्यावर आईच्या मोठ्या बॅगेतून एक लहान किसणी निघाली. मुळा किसला, दही घातलं, वर शेंगाचटणी, आणि कडक भाकरी. टोकियोतलं आमचं सगळ्यात चांगलं जेवण ते.

दुसरी अशीच जागा यानाका. उएनोच्या मागची ही वस्ती युद्धातल्या आगीतून बरीचशी वाचली, म्हणून लाकडी घरं, अरुंद बोळ आणि लहानमोठी देवळं अजून टिकून आहेत. तिथल्या थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात आणि त्यांवर शाईने अक्षरं. चिनी अक्षरं खाली. वरची पाच मात्र आपल्या ओळखीच्या घराण्यातली. ती सिद्धम् लिपी, ब्राह्मीचीच लेक, म्हणजे देवनागरीची बहीण. ख, ह, र, व, अ: पंचमहाभूतांची बीजं. आधी माहीत असल्याशिवाय वाचता येत नाहीत, पण एकदा सांगितल्यावर र आणि व डोळ्यांपुढे उभे राहतात. हे तर एका फळीपुढे पाच मिनिटं बोट हवेत फिरवत उभे होते.

आसाकुसाहून निहोनबाशीला गाडी बदलली की टी-१६, निशी-कासाई. २००० सालाच्या तोंडावर संगणकांच्या तारखांची अडचण सोडवायला भारतातले अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले, त्यांतले बरेच या भागात राहिले आणि वस्ती वाढत गेली. याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९च्या एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. मराठी माणूस, जपानमध्ये निवडून आलेला पहिला भारतीय वंशाचा प्रतिनिधी. स्टेशनाबाहेर संध्याकाळी मराठी कानावर पडतं. किराणा दुकानात तूरडाळ, पोहे, हिंग सगळं आहे. चौथ्या दिवशी वरण-भात खाल्ल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी ही ओळ तक्त्यात चौथ्या दिवशीच टाकावी.

जिंबोचो हे माझं. जुन्या पुस्तकांची शंभराहून जास्त दुकानं एका पेठेत. जी. ए. कुलकर्णी ज्या गावात राहिले आणि शिकवत होते, द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी आणि लेखणीत कन्नड असं ज्या गावाने पाहिलं, त्या गावचं माणूस पुस्तकांच्या पेठेत अर्धा दिवस घालवणारच. दुकानं मुख्य रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत. पुस्तकांवर ऊन पडू नये म्हणून. एक अक्षर वाचता येत नसताना मी तिथे तीन तास होते.

आणि मेजिरो. यामानोते या गोल फिरणाऱ्या रेल्वेवर उतरून टॅक्सीने मेजिरोदाईला गेलो. महिला विद्यापीठाचं फाटक, आत जुनी झाडं, सायकलवरून येणाऱ्या मुली. आम्ही आत गेलो नाही, परवानगी मागितली नव्हती. आई फाटकाच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एका पुस्तिकेवरून," एवढंच म्हणाली. या ओळीसाठी मी तक्त्यात अर्धा दिवस राखला होता. प्रत्यक्षात वीस मिनिटं लागली. पण कुठल्याही पत्रकात ही जागा सापडली नसती.

कामाकुराला एक दिवस गेलो, टोकियोहून रेल्वेने तासाभराचं अंतर. उघड्यावर बसलेला कांस्याचा बुद्ध, तेराव्या शतकातला, अकरा मीटरांहून उंच. त्याच्याविषयी सगळीकडे लिहिलेलं आहे, मी जास्त लिहीत नाही. जाऊन या.

सहाव्या दिवसाची ओळ आम्ही मोकळी ठेवली होती. अर्जात मोकळं सोडता येत नाही म्हणून "टोकियो शहरदर्शन" असं लिहिलं. त्या दिवशी सकाळी मी विचारलं, कुठे जायचं? शिंजुकूच्या सरकारी इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावरून हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो आणि वर जायला पैसे पडत नाहीत. ह्यांना ते हवं होतं, ते एकटे गेले आणि फुजी बघून आले. आई म्हणाली, "मला परत गणपतीला ने." आम्ही दोघी पुन्हा मात्सुचियामाला गेलो, सावकाश, नदीकाठाने, वाटेत दोन बाकांवर बसत. खिडकीतल्या बाईंनी आईला ओळखलं आणि मान लववली. आईनेही लववली. तासभर तिथल्या बागेत बसून होतो. त्या दिवशी आम्ही आणखी काहीही पाहिलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात कुणी जाणार असाल तर एवढं करा. जपानचा साधा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने चालतो, म्हणून ऑगस्टच्या मध्याआधी अर्ज देऊ नका. पण तक्ता आतापासून करायला घ्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी विचारा, त्यांची ओळ पहिली लिहा, एक ओळ मोकळी ठेवा, आणि किसणी मोठ्या बॅगेत टाका.